दाजी समुद्राच्या तळाला गेलेच नाहीत

आमच्या दाजींपुढं कोणी म्हणालं, की मी अमक्या विहिरीच्या तळाला जाऊन आलो, तर दाजी जास्तीचं काही विचारायचे नाहीत. दोनच शब्द बोलायचे. "मूठ उघड."

मुठीत गाळ असला तर माणूस खाली गेला होता. नसला तर तो गेलाच नव्हता, मग तो कितीही मोठ्या घरचा असो आणि वर येऊन कितीही धापा टाकत असो. दाजींनी हा नियम स्वतः केला नव्हता. आमच्याकडं पोहणाऱ्या पोराटोरांत तो पहिल्यापासूनच आहे. पण पोरं मोठी झाली की तो नियम विसरून जातात. दाजी सत्तरी ओलांडली तरी विसरले नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. सिरसाळ्याच्या आसपास वीस-पंचवीस गावांत कुणाच्या विहिरीत काही पडलं की दाजींना बोलावणं यायचं. बादली, मोटार, पाईप, बैलाची घुंगरमाळ, एकदा तर एका नव्या नवरीची नथ. दाजी बुडी मारून काढून द्यायचे. अशा माणसाला आमच्याकडं पाणबुड्या म्हणतात. पोटापाण्याला त्यांची शेती होती, म्हशी होत्या. बुडी हा काही त्यांचा धंदा नव्हता. तो त्यांचा मान होता, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या घराचा होता. मी कुठंही गेलो आणि म्हणालो, की मी त्या पाणबुड्याचा मेव्हणा, तर मला बसायला बाज टाकायचे. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. मला दुसऱ्या कोणत्या कारणानं बाज टाकली असती?

माप त्यांचं परसात असायचं. माणूस उभा राहून हात वर करतो, त्या बोटाच्या टोकापर्यंतची उंची म्हणजे एक परस. फूट आणि मीटर त्यांना पटायचे नाहीत. एकदा एक इंजिनिअर विहीर बघायला आला आणि म्हणाला, अमुक इतके मीटर. दाजी म्हणाले, "सायेब, मीटर बुडतो का? बुडतंय त्ये माणूस. मग माणसानंच मोजा की."

विहिरीत उतरायच्या आधी दाजी चपला काढायचे. काठावर बसून दोन बोटं पाण्यात बुडवून कपाळाला लावायचे आणि विचारायचे, "यिऊ का, बाई?" मग थोडा वेळ गप्प बसायचे. बाई हो म्हणाली की उतरायचे. एकदा दिंद्रुडला असंच बसले आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "न्हाई म्हणती." मालक बिचारा हात जोडायला लागला. मी म्हणालो, "दाजी, आमाला तर काय ऐकू आलं न्हाई."

"तुमाला कसं यील, पाव्हणं? तुमी इचारलंय का तिला?"

दुसऱ्या दिवशी गेले, तर ती हो म्हणाली. मधल्या एका दिवसात त्या विहिरीला काही झालं नव्हतं. दरड पडली नव्हती, साप निघाला नव्हता. मी हे त्यांना पुढं जन्मभर ऐकवलं. त्यांनी ते जन्मभर ऐकून घेतलं नाही.

पाण्याच्या चवीवरून ते विहीर ओळखायचे. धर्मापुरीला एका लग्नात जेवायला बसलो होतो. दाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला. यजमानाला म्हणाले, "पाणी तुमच्या हिरीचं न्हाई." आमच्याकडं बोलताना विहिरीला हीर म्हणतात. यजमान म्हणाला, आमच्याच विहिरीचं आहे. दाजी म्हणाले, "तुमच्या हिरीत मी दोनदा बुडालोय. तिचं पाणी मला नाकानं म्हाईत हाय." मग त्या माणसानं कबूल केलं, की विहीर आटलीय, टँकर आणलाय, व्याह्यांना कळू नये म्हणून बोललो नाही. दाजींना लई वाईट वाटलं. त्यानंतर कुणाच्या लग्नात पाण्याविषयी ते बोलले नाहीत. पण घोट घेऊन माझ्याकडं बघायचे, आणि मला कळायचं.

बाटलीतल्या पाण्याला मात्र ते शिवायचे नाहीत. मी म्हणायचो, स्वच्छ असतंय की, तळ दिसतोय. तर म्हणायचे, "तळ दिसतोय, पर कुणाचा त्ये कळतंय का?"

अशा माणसाचा कान गेला. एका खोल विहिरीतून मोटार काढताना ते तीनदा लागोपाठ खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले तर कानातून रक्त येत होतं आणि सरळ उभं राहता येत नव्हतं. मोटार काढली मात्र. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पडदा फाटलाय, आता डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. दाजी डॉक्टरांना म्हणाले, "बरं." ते बरं कसलं होतं हे आक्काला कळलं. तिनं दवाखान्याच्या पायरीवरच त्यांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"म्हणा. टकुरं पाण्यात घालणार न्हाई."

"लोक बघायलेत."

"बघू द्या की. म्हणा."

दाजींनी म्हटलं. त्या दिवसापासून दाजींची अंघोळ गळ्यापर्यंत. डोकं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. पावसात निघाले तर आधी डोक्यावर पोतं घ्यायचे. लोक हसायचे, की पाणबुड्या पावसाला भितोय. मला राग यायचा, दाजींना यायचा नाही. ते म्हणायचे, "मी पावसाला भीत न्हाई. तुमच्या आक्काला शब्द दिलाय, त्येला भितो." आणि विहिरीवर जायचं त्यांनी सोडलं नाही. काठावर बसून दुसऱ्याला सांगायचे, कुठं उतर, कुठं कपार आहे, कुठल्या बाजूला गाळ जास्त आहे. वर आला की म्हणायचेच, "मूठ उघड."

आता त्या समुद्राचं सांगतो.

आमच्या गावचे माजी सरपंच मुलाबरोबर अंदमानला फिरून आले. पद जाऊन दहा वर्षं झाली, तरी गाव त्यांना सरपंचच म्हणतं. आल्यावर चार दिवस ते हॉटेलातल्या बाकड्यावरून हलले नाहीत. हॉटेल म्हणजे चहाचंच, पण आम्ही हॉटेल म्हणतो. पाणबुडीत बसून समुद्राच्या तळाला गेलो, शंभर फूट खाली, असं त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं. मोबाईलवर फोटो दाखवले. काचेबाहेर निळे पिवळे मासे होते. दाजींनी फोटो लांब धरून बघितले आणि फोन परत दिला.

"मासं चांगलं हायती. गाळ कुठाय?"

"दाजी, पाणबुडी हाय ती. काच असती. गाळ कसा आणायचा?"

"मग तुमी तळाला गेलो आसं कशाला म्हणताव? तळाजवळ गेल्तो म्हणा."

हॉटेलात हशा पिकला. सरपंचांचं तोंड लाल झालं. ते म्हणाले, "लई नाद करू नका, दाजी. शंभर फुटात तुमचा श्वास न्हाई पुरायचा. एवढे मोठे पाणबुडे हायेत तर जा, आणि आणा समुद्राचा तळ."

"आणतो," दाजी म्हणाले.

झालं. तोंडातून शब्द गेला. मी शेजारीच बसलो होतो. मी हळूच नको म्हणालो होतो, पण ज्या कानाकडं मी बसलो होतो तो कान फुटलेला होता.

घरी आलो तर बातमी आमच्याआधी पोचलेली. आक्का भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"कुठल्या डोक्यानं शब्द दिला?"

"कोरड्या," दाजी म्हणाले.

म्हणजे आता दोन शब्द झाले होते. एक गावाला, की समुद्राचा तळ आणतो. एक आक्काला, की डोकं पाण्यात घालत नाही. दोन्ही एकदम पाळायचे कसे, याचं उत्तर गावात कुणाकडं नव्हतं. दाजींनी आयुष्यात एकही शब्द मोडला नव्हता, त्यामुळं त्यांना झोप लागेना. मला ते दिसत होतं.

त्यांची लेक अंदमानलाच होती. जावई तिथं सरकारी नोकरीत, पोर्ट ब्लेअरला. तिला हे फोनवर कळलं. ती म्हणाली, "बप्पा, या की तुमी. आईला आन मामालाबी आणा. हितं पाणबुडी हाय, तीत बसून खाली जायचं. डोकं भिजत न्हाई."

"बुडी मारायची आसती गं. तीत बसायचं काय?"

"बप्पा, पाणबुडी. बोट आसती ती."

दाजींनी बराच विचार केला. मग फोन ठेवून मला म्हणाले, "पाव्हणं, जमतंय. ती बोट खाली जाऊन टेकणार. टेकली की दार उघडायचं, मूठभर गाळ घ्यायचा, दार लावायचं. गावाचाबी शब्द राहिला, तुमच्या आक्काचाबी."

मी म्हणालो, "दार उघडल्यावर पाणी आत यील की."

"त्येंनी केलं आसंल कायतरी. उगंच माणसं बसवतेत का?"

दाजींनी एक झाकणाचा स्टीलचा डबा घासून पुसून पिशवीत टाकला. परळीहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान, असा प्रवास ठरला.

विमानतळावर आमच्या पिशव्या तपासल्या. डब्याला कुणी काही म्हणालं नाही. पण दाजींनी घरच्या विहिरीचं दोन लिटर पाणी कॅनमध्ये घेतलं होतं. तिथली वर्दीतली बाई म्हणाली, पाणी नेता येणार नाही, टाकून द्या. दाजींना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी दुसरा कान पुढं केला. बाईनं परत तेच सांगितलं.

"टाकून द्यायचं?" दाजी म्हणाले. "बीड जिल्ह्यातून आलो आमी, बाई. आमच्याकडं पाणी टाकत न्हाईत."

आणि तिथंच उभं राहून त्यांनी अर्धा कॅन पिला. उरलेल्यातलं थोडं आक्काला दिलं, राहिलेलं मला. मागं ही रांग लागलेली. मी पीत होतो आणि ती बाई बघत होती. मला त्या वेळी लाज वाटली होती. आता वाटत नाही. त्या रांगेत दुसऱ्या कुणाकडं टाकून देऊ नये असं काही होतं का?

विमानात दाजींना खिडकी दिली. खाली तासभर नुसतं निळं पाणी. दाजींनी एकदाही नजर काढली नाही. शेवटी म्हणाले, "हिला काठच न्हाई वो. बसून इचारायचं कुठं?"

पाणबुडीचा दिवस आला. सकाळी लहान बोटीनं एका बेटाजवळ गेलो. तिथं ती उभी होती. वरून साध्या बोटीसारखीच, मधोमध एक भोक आणि खाली उतरायला जिना. जिन्याशी आल्यावर दाजी खाली बसले. चपला काढून एका बाजूला ठेवल्या. कडेवरून वाकून दोन बोटं समुद्रात बुडवली, कपाळाला लावली, ओठ हलवले. थोडं थांबले आणि मग उतरले.

त्यांच्या मागं एक बंगाली कुटुंब होतं. त्यांना वाटलं तिथला नियमच आहे. त्यांनी चपला काढल्या. त्यांच्या मागच्यांनी बूट काढले. एका म्हाताऱ्या बाईनं तर पाणीही कपाळाला लावलं. तिथला माणूस वरून ओरडत होता, "अरे जूते मत निकालो, जूते मत निकालो," पण तोवर जिन्याशी देवळासारखा ढीग झाला होता. मी चपला काढल्या नव्हत्या. मी वर जाऊन काढून आलो. सगळे अनवाणी आणि पाणबुड्याचा मेव्हणा तेवढा चपलांत, हे बरं दिसलं नसतं.

खाली लांबट खोली. दोन्ही बाजूंनी काचा, काचांकडं तोंड करून बाकडी. बोट हलली. काचेबाहेर पाणी हिरवं झालं, मग निळं. दगडांवर झाडासारखं काहीतरी डुलत होतं. मासे आले, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, एक तर कुंकवाच्या रंगाचा. आक्कानं काचेला हात लावला आणि मला म्हणाली, "बघ रं, ह्येंनी आयुष्यभर कायकाय बघितलं आसंल, आपल्याला सांगितलंच न्हाई." तिला वाटलं विहिरीतही असंच असतं. दाजींनी ते ऐकलं, पण तिचं चुकतंय म्हणून सांगितलं नाही.

ते मासे बघतच नव्हते. ते तळाकडं बघत होते. पांढरी वाळू समोर दिसत होती, पण बोट काही खाली जाईना. बराच वेळ झाल्यावर त्यांनी तिथल्या माणसाला गाठलं. आमच्या भागात निजामाच्या काळापासून हिंदी बोलतात, पण ती आमची हिंदी.

"भाई, ये डुबती कायकू नै?"

"चाचा, इतनाच नीचे जाती है. ऊपर का हिस्सा पानी के ऊपर रहता है."

"मतलब?"

"पूरी नहीं डूबती."

दाजी उठले आणि जिना चढून वर गेले. मी मागून. वर कोरडं ऊन होतं आणि त्या चपला वाळत पडल्या होत्या. दाजींनी चहूकडं बघितलं. बोटीचं वरचं अंग सगळं पाण्याबाहेर होतं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "गळ्यापर्यंतच बुडालीय ही. हिलाबी कुणीतरी शपथ घातलेली दिसती."

मी इतका हसलो की खाली बसलो. दाजी हसले नाहीत. दार उघडणार नव्हतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. डब्याची पिशवी त्यांनी काखेत दाबून धरली होती.

परत खाली आलो, तर काचेबाहेर एक माणूस आला होता. पाठीवर टाकी, तोंडात नळी. लोकांना गंमत म्हणून तो काचेजवळ येऊन हात हलवायचा. सगळे त्याला हात हलवत होते. दाजींनी हलवला नाही. त्यांनी आपला उजवा हात सरळ वर केला, छताला बोटं टेकेपर्यंत. त्या माणसाला वाटलं हा काही नमस्काराचा प्रकार आहे. त्यानं वाळूवर पाय टेकून तसाच हात वर केला.

दाजींनी त्याच्या बोटापासून वरचं पाणी डोळ्यांनी मोजलं. "एक. दोन. आन वर अर्धा बी न्हाई. पाव्हणं, अडीच परसाच्या आत हाय हे. आपल्या म्हशी धुवायच्या हिरीएवढं."

म्हणजे पंधरा-सोळा फूट. सरपंचांचे शंभर. मी मांडीवर थाप मारली. माझ्या डोळ्यांपुढं आमचं हॉटेल आलं, आणि त्यात सरपंचांचं तोंड.

मग दाजींनी त्या पाण्यातल्या माणसाला अजून एक खूण केली. मूठ वळून खाली दाखवली आणि त्याच्यापुढं उघडली. मला वाटलं, ह्याला काय कळणार? कुठला कोण माणूस, कुठली भाषा. पण तो काचेतून दाजींकडं बघत राहिला. मग खाली गेला, वाळूत हात घातला, वर आला आणि काचेपुढं मूठ उघडली. वाळू धुरासारखी निघून गेली.

दाजींनी काचेवर तळहात ठेवला. "पाणबुड्या हाय," म्हणाले. "खरा."

बोट परत जागेवर आली तेव्हा तो माणूस वर चढून टाकी सोडत होता. तरणाच होता, अंगानं सडपातळ. दाजींना बघून हसला आणि मूठ पुढं केली. त्यानं मुद्दाम पुन्हा खाली जाऊन आणली होती. ओली, पांढरी वाळू.

मी पिशवीतून डबा काढून झाकण उघडलंसुद्धा. दाजींनी वाळू हातावर घेतली, बोटानं चोळून बघितली, कपाळाला लावली. आणि हात कडेबाहेर नेऊन परत समुद्रात सोडली.

"दाजी!" मी ओरडलो. "डबा हितं हाय की!"

"ती ह्येची बुडी हाय. माझी न्हाई."

"गावात कुणाला कळणार हाय? वाळूवर काय नाव लिवलंय का?"

"मूठ माझी आन बुडी दुसऱ्याची, आसं मी कुणाचं चालवून घेतलंय का आजवर?"

मी डब्याचं झाकण जोरात लावलं. मला लई राग आला होता. एवढ्या लांब येऊन, हातात आलेलं सोडून द्यायचं म्हणजे काय? आक्कानं मात्र पिशवीतून शेंगदाण्याचे दोन लाडू काढून त्या माणसाला दिले.

बेटावर उतरायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या. पाणी असं नितळ, की खालचा तळ समोर ठेवल्यासारखा दिसत होता. फार तर परसभर. दाजी पाण्यात पाय सोडून बसले. एक बुडी, एक श्वास, मूठभर वाळू. त्यांना तेवढ्यात काही झालं नसतं, असं मला आजही वाटतं. आक्का मागं छत्री धरून उभी होती. दाजींनी दोन बोटं बुडवली, कपाळाला लावली. ओठ हलले. मग लई वेळ ते तसेच बसले.

शेवटी त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, गळ्याला लावलं, गळ्याच्या वर नाही, आणि उठले.

"चला."

चालताना मी विचारलं, "काय म्हणली? न्हाई म्हणली का?"

"ये म्हणली वो," दाजी म्हणाले. "मीच न्हाई म्हणलो."

परतीच्या रेल्वेत मी त्यांना सांगून टाकलं, की तुम्ही बोला न बोला, मी गावाला अडीच परस सांगणार. दाजी खिडकीतून बघत म्हणाले, "सांगा की. पर तुमच्या मुठीत काय हाय?" मी परळीपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

गावात सकाळी पोचलो आणि दाजी घरी न जाता सरळ हॉटेलात गेले. सरपंच बाकड्यावर होते, अजून दहा-बारा जण होते. सगळ्यांचे डोळे दाजींच्या पिशवीवर.

"काय दाजी," सरपंच म्हणाले, "आणला का तळ?"

दाजी बसले नाहीत. पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं करून उघडले.

"मंडळी, मी शब्द दिल्ता. गाळ आणला न्हाई. हात मोकळा हाय."

कुणीतरी शिट्टी मारली. एक जण म्हणाला, "मग तिथवर गेलतात तरी का न्हाई, का हैदराबाद बघून आलात?"

"गाळ न्हाई म्हंजे गेलो न्हाई," दाजी म्हणाले. "सगळ्यांना ह्यो नियम मीच लावतो. मी गेलो न्हाई."

हशा झाला. माझं रक्त तापलं. हा माणूस विमानातून गेला, समुद्राच्या आत बसून आला, आणि स्वतःच्या तोंडानं म्हणतोय गेलो नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात चहावाल्यानंच विचारलं, "आवो पर दाजी, सरपंच शंभर फूट म्हणतेत, त्ये तरी खरं हाय का? तुमी बघून आलाव. तुमी म्हणताल त्ये आमी मानू."

सरपंचांनी कपबशी हातात धरली होती, ती तोंडाकडं जाईना. दाजींनी नुसतं "न्हाई" म्हटलं असतं, तरी त्या माणसाला गावात परत बाकड्यावर बसता आलं नसतं. मी दाजींकडं बघत होतो.

दाजी म्हणाले, "मी गेलोच न्हाई, तर मला काय म्हाईत?"

मी तोंड मिटलं. आयुष्यात मी लई भांडणं जिंकलीत, पण त्या दिवशी गप्प बसलो याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा त्यातल्या एकाचाही नाही.

लोक परत चहाकडं वळले. विषय उसाच्या तोडीवर गेला. तेवढ्यात सरपंचांनी बशी खाली ठेवली.

"शंभर न्हाई वो," ते म्हणाले.

"आँ?" चहावाला म्हणाला.

"शंभर न्हाई म्हणतोय. कितीय त्ये मला म्हाईत न्हाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "खाली उतरलो आन मी भ्यालो. पार वर येस्तोवर डोळे मिटून बसलतो. फोटू पोरानं काढल्यात."

कुणी हसलं नाही. हसायचं का नाही हे लोकांना कळेना. दाजी बाकड्यावर बसले, सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"या हिकडं. चांगल्या कानाकडं बसा. मी गेलो न्हाई, पर बघितलंय सगळं. सांगतो तुमाला."

सरपंच उठून शेजारी जाऊन बसले. दाजींनी सांगायला सुरुवात केली. पांढरी वाळू, दगडांवरची डुलणारी झाडं, कुंकवाच्या रंगाचा मासा. मला वाटलं होतं त्यांनी मासे बघितलेच नाहीत. त्यांनी एकूण एक बघितला होता, कुठला दगडाच्या कोणत्या अंगाला वळला तेसुद्धा. मी मधीच एका माशाला पट्टे होते म्हणून सांगितलं, तर भर हॉटेलात मला गप्प केलं. "ठिपके होते, पाव्हणं."

ऐकता ऐकता सरपंचांची मान मागं भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

दाजी थांबले. त्यांनी सरपंचांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सरपंच, आता तरी उघडे ठिवा की."